खाऱ्या पाण्याचा टँक घेताय? आधी पाण्याचा खारेपणा मोजायचं साधन घ्या

उन्हाळा लागला की आमच्या मत्स्यालयाच्या दुकानात एकच तक्रार येते : पाणी नितळ आहे, फिल्टर चालू आहे, तरी मासे सुस्त का? चौकशी केली की कळतं, आटलेल्या पाण्याची भर रोज मिठाचं पाणी कालवून घातली जाते आहे.

आटतं ते फक्त पाणी. मीठ टाकीतच राहतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पुण्याच्या एप्रिलात, वर पंखा लावलेल्या 100 लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडतं. तेवढंच खारं पाणी घातलंत की रोज 70 ग्रॅम मीठ वाढलं. दहा दिवसांत 35 चे 42 ग्रॅम झाले. इतक्या खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो थकतो. तेव्हा काचेवर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारा आणि रोजची भर गोड्या पाण्याचीच घाला. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना, काढलं तेवढंच.

गोडं म्हणजे नळाचं किंवा बोअरचं नव्हे, आरओचं. घरच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असेल तर त्यात थोडं मूळ पाणी मिसळतं, म्हणून एकदा टीडीएस मीटर लावून बघा. शून्याच्या जवळ आलं तर उत्तम.

खारेपणा मोजायला आम्ही रिफ्रॅक्टोमीटर सुचवतो, म्हणजे थेंबभर पाणी घालून डोळ्याला लावून बघायची छोटी दुर्बीण. तो महाग म्हणून लोक काट्याचा हायड्रोमीटर मागतात. तोही ठेवतो, पण काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा चढा दिसतो, आणि मग भांडण आमच्याशी. वाचन (विशिष्ट घनता, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत हे पाणी किती जड) 1.025 च्या आसपास हवं.

बाकीचं थोडक्यात. टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घ्या. वाळू-दगड घालून सुमारे 100 लिटर पाणी मावतं. ‘शिकायला छोटीच बरी’ हे उलटं आहे, थोडं पाणी लवकर बिघडतं. एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, हवाच. थंडीत पुण्यात हीटर लागतो. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) पहिल्या दिवशी नसला तरी चालेल. भारी लाइट मात्र आत्ता घेऊ नका, नुसत्या माशांना साधी पुरते. हे विकणाऱ्यानेच सांगितलेलं बरं! मीठ मरीन सॉल्टच (मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ) घ्या, स्वयंपाकाचं नको. आणि कोकणातून कॅन भरून आणलेलं किनाऱ्याचं पाणीही नको.

टाकीसोबत त्याच दिवशी मासा आम्ही देत नाही, यावर काही ग्राहक रुसतात. माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडात रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की क्लाउनफिशची जोडी घेऊन जा. ती टाकीत वाढवलेली मिळते, हे चांगलं. जिवंत प्रवाळ किंवा समुद्रघोडा मागू नका, वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडच्या समुद्रातले हे जीव काढून विकता येत नाहीत.

पाणी तपासून देतो, पैसे घेत नाही, मग टाकी कुठूनही घेतलेली असो. नमुना स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून त्याच दिवशी आणा. बाटली साबणाने धुऊ नका.