लफेव्र: फ्रान्समधले लोहार आणि न बोललेला 'ब'

लफेव्र म्हणजे सरळ मराठीत लोहार. लॅटिनमध्ये कारागिराला फाबेर म्हणायचे, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये फेव्र आला, आणि गावोगावी एक तरी भट्टी असणारच म्हटल्यावर हे आडनाव फ्रान्सभर झालं. फक्त भागाप्रमाणे रूप बदलतं: उत्तरेत लफेव्र, दक्षिणेत फाब्र नाहीतर फोर, आल्प्सच्या सव्हॉय भागाकडे फाव्र. किड्यांचं निरीक्षण करत आयुष्य घालवलेला झाँ-आन्री फाब्र आणि संगीतकार गाब्रिएल फोरे हेही मुळात लोहारच, आता बोला!

खरी गंमत स्पेलिंगची आहे. लफेव्र लिहिताना मध्ये एक 'ब' घालतात आणि तो कोणी उच्चारत नाही. जुन्या लिहिणाऱ्यांना लॅटिन मूळ दाखवायची हौस, म्हणून फाबेरमधला 'ब' परत आणून बसवला. त्यात पूर्वी यू आणि व्ही हे एकच अक्षर धरायचे, त्यामुळे काहींनी नावातला व्ही 'यू' असा वाचला आणि लफेब्यूर नावाचं वेगळंच आडनाव तयार झालं, म्हणजे वाचायच्या चुकीतून अख्खी घराणी. मग १७९४ मध्ये क्रांतीच्या सरकारने कायदा केला की जन्मनोंदीत जे नाव असेल तेच लावायचं, झालं, ज्याच्या नोंदीत जसं पडलं तसं त्याला कायमचं चिकटलं.

आता माणसं बघा. १५२३ मध्ये बायबलचा नवा करार फ्रेंचमध्ये आणणारा झाक लफेव्र एतापल गावचा, आपल्या हिशोबाने एतापलकरच. पिएर फाव्र सव्हॉयमधला, लहानपणी मेंढ्या राखायचा, पुढे पॅरिसला शिकायला गेला तर खोलीत सोबत कोण, तर फ्रान्सिस झेवियर! हो, तेच, ज्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये आहे. हे दोघंही जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या पहिल्या मंडळींतले, पण फाव्रला संतपद मिळायला २०१३ उजाडलं.

नेपोलियनचा मार्शल फ्रांस्वा-झोझेफ लफेव्र साधा सार्जंट होता, १७८३ मध्ये त्याने कपडे धुणाऱ्या कॅथरीनशी लग्न केलं, १८०७ मध्ये डान्झिग (आताचं पोलंडमधलं ग्दान्स्क) जिंकलं आणि पुढच्या वर्षी ड्यूक झाला. बाई डचेस झाल्या तरी बोलणं जुनंच, फटकळ, दरबारात नाकं मुरडली तरी फरक नाही. मला विचाराल तर या सगळ्या यादीत भारी तीच, आणि ती तर लग्नाने लफेव्र.

विसाव्या शतकात मात्र कमालच झाली. आन्री लफेव्र मार्क्सवादी, शहरावर तिथल्या माणसांचा हक्क असतो हे १९६८ मध्ये मांडणारा, आणि त्याच्या आधी १९५८ मध्येच कम्युनिस्ट पक्षाने त्याला बाहेर काढलेलं. दुसरीकडे मार्सेल लफेव्र आर्चबिशप, इतका कर्मठ की चर्चमधल्या सुधारणाच त्याला मान्य नाहीत, १९८८ मध्ये पोपची परवानगी न घेता चार बिशप नेमले म्हणून चर्चनेही त्याला बहिष्कृत केलं. एक टोकाचा डावा, एक टोकाचा सनातनी, दोघांनाही आपल्याच लोकांनी काढलं आणि दोघंही १९९१ मध्येच गेले, मार्सेल मार्चमध्ये, आन्री जूनमध्ये. आणि दोघांच्याही नावात तो 'ब' आहे.