गव्हाळ कांतीचं विज्ञान: कागदी लिंबापासून लिपस्टिकच्या शेडपर्यंत

हळदीच्या कार्यक्रमानंतर नवरीचे हात साबणाने धुताना नीट बघा. पिवळ्या हळदीला साबण लागला की फेस तांबूस होतो आणि भरपूर पाणी ओतलं की पुन्हा पिवळेपणा येतो. हळदीतलं कुरकुमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळं राहतं, आम्लारीत लाल होतं. कुंकवाची जुनी कृतीही याच गुणावर उभी आहे. हळदीत चुना किंवा टाकणखार मिसळायचा, की ती लाल होते. हल्ली बरंचसं कुंकू रासायनिक रंगांचं असतं, पण कोल्हापुरात महाद्वार रोडवर अंबाबाईच्या देवळाबाहेर शेजारी शेजारी मांडलेल्या हळद-कुंकवाच्या राशी मुळात एकाच हळकुंडाच्या.

तो तांबूस फेस आपल्याला साबणाचा सामू (पीएच) सांगत असतो: ७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर आम्लारी. अंगाच्या साध्या साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास असतो, म्हणजे तो चांगलाच आम्लारीधर्मी. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग मात्र किंचित आम्लधर्मी, साधारण ५ सामूचा. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये त्याला ‘आम्लाचं आवरण’ असं नाव दिलं. त्वचेचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर चेहऱ्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकाच जाड असतो. आतलं पाणी आत ठेवण्याचं आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवण्याचं काम तोच करतो. त्या पेशींच्या मधल्या फटीत जी स्निग्ध द्रव्यं असतात, ती तयार करणारी विकरं (एन्झाइम) आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात. दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुतलं की हे वातावरण सावरायला वेळच मिळत नाही. चेहरा ओढल्यासारखा वाटतो तो यामुळे. त्याला स्वच्छतेची खूण समजू नका.

मग आम्लच हवं तर लिंबू का नको, असा प्रश्न कोणालाही पडेल. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे त्वचेच्या मानाने लिंबू शेकडो पट जास्त आम्ल आहे. पण खरा धोका निराळाच आहे. कागदी लिंबात, विशेषतः त्याच्या सालीतल्या तेलात, फ्युरोकुमारिन नावाची संयुगं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की उन्हातल्या अतिनील किरणांची ऊर्जा घेऊन ती पेशींना इजा करतात. लिंबाची फोड चेहऱ्यावर चोळून कुणी दुपारी स्कूटरवरून राजारामपुरीत जाऊन आलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली येते, कधी फोड येतात, आणि मागे उरतो तो काळपट डाग. महिनोन् महिने जात नाही असा. लिंबू पिळणाऱ्या, सरबत करणाऱ्या हातांवरही असे डाग आढळतात.

हे आपल्याकडे जास्त जाणवण्याचं कारण आपल्या त्वचेत आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी तत्पर असतात. इजा झाली, दाह झाला, पुटकुळी फुटली, वॅक्सिंगने साल निघाली, की त्या मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य ओततात. गोऱ्या युरोपीय त्वचेवर पुटकुळी गेली की लाल खूण राहते, आपल्याकडे काळी. म्हणून घरगुती असो वा विकतचा, कुठल्याही उपायाला माझा पहिला प्रश्न एकच: याने आग होते का, चुरचुरतं का? चुरचुरणं म्हणजे ‘काम करतंय’ असा समज आपल्या बायका-मुलींमध्ये खोलवर रुजला आहे. त्याने फार नुकसान केलंय. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, साखरेचे जाडे कण घासणं हे सगळं आपल्या त्वचेसाठी डागांना दिलेलं आमंत्रण आहे.

घरच्या सगळ्याच वस्तू टाकाऊ आहेत असं मात्र मुळीच नाही. दिवाळीचं अभ्यंगस्नान बघा. आधी कोमट तेल, मग उटणं, मग ऊन पाणी. क्रम महत्त्वाचा आहे. तेल आधी लावल्यामुळे वरच्या थरातली स्निग्धता टिकते, उटण्याची पूड आणि डाळीचं पीठ जादा तेल आणि मळ शोषून घेतात, घर्षणही मऊ होतं. आश्विनाच्या अखेरीस, हवेतली आर्द्रता उतरू लागलेली असताना, ही पद्धत त्वचेला अगदी योग्य. तेच उटणं कोरड्या चेहऱ्यावर खसाखसा घासलं, तर त्याचा गुण जातो आणि ओरखडे राहतात. खोबरेल तेल पाण्याची वाफ अडवतं, त्यामुळे कोरड्या हातापायांना उत्तम. पण तेलकट, पुटकुळ्यांच्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवू शकतं. मुलतानी माती तेल शोषते, म्हणून ती तेलकट त्वचेला ठीक आहे. पण ती पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवू नका, ओलसर असतानाच धुवा. दुधाच्या सायीने मऊपणा येतो तो तिच्यातल्या स्निग्धतेमुळे. रंग तिने बदलत नाही.

हळदीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. शेजारच्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि कुरकुमिन दाह कमी करतं हे प्रयोगशाळेत दिसतं. पण हळदीत ते शेकडा दोन ते पाच इतकंच असतं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि त्वचेत फारसं उतरत नाही. हळद लावल्यावर दिसणारा तेजस्वीपणा बराचसा पिवळ्या रंगाचा असतो. उन्हात कुरकुमिन विघटित होतं, म्हणून आमटीचा डाग पडलेलं कापड धुऊन उन्हात घातलं की फिकं होतं. चेहऱ्यावरची हळदही तशीच उतरते. लग्नात हौसेने लावावी, जरूर लावावी, फक्त सुटी हळद न घेता घरी दळलेली किंवा खात्रीची घ्यावी. स्वस्त हळदीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग किंवा शिशाचं क्रोमेट मिसळल्याचे प्रकार आपल्या देशात सापडलेले आहेत.

काळवंडण्याचा खरा कारक ऊन आहे. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १६.७ अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असतं म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण अतिनील किरणांचा बराच भाग ढगांतून आणि काही भाग खिडकीच्या काचेतूनही आत येतो. कॉलेजच्या मुली गाडीवर चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात तो फार शहाणपणाचा उपाय आहे, फक्त कापड दाट विणीचं हवं. सनस्क्रीनच्या एसपीएफ ३० ला उन्हातले अतिनील ‘बी’ किरण शेकडा ९७ अडतात, ५० ला ९८. आकडा मोठा घेण्यापेक्षा पुरेसं लावणं जास्त महत्त्वाचं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढता येईल इतकं, आणि घाम आला की पुन्हा. ज्यांना वांग आहे त्यांनी रंगीत सनस्क्रीन घ्यावं. सावळ्या त्वचेत दृश्य प्रकाशातला निळा भागसुद्धा डाग वाढवतो आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड हे रंगद्रव्य लागतं. साध्या सनस्क्रीनमध्ये ते नसतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली ‘गोरं करणारी’ किंवा नायट्याची मिश्र मलमं तोंडाला लावू नका. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं. पंधरा दिवसांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मलम थांबवलं की आग होते आणि पुटकुळ्यांचं पीक येतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. बिनब्रँडच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये कधी पाराही सापडतो. तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग दिसला तर तोही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. टिकलीच्या चिकट डिंकातल्या एका रसायनाने रंगपेशी मरतात, हे आपल्याकडच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे.

आता रंगांकडे. कटलरीच्या दुकानात फाउंडेशन दाखवायला सांगितलं की बहुतेक वेळा अंगच्या रंगापेक्षा एक-दोन शेड उजळ बाटली पुढे येते. फाउंडेशनमधला रंग तीन आयर्न ऑक्साइडांचा असतो: लाल, पिवळा, काळा. पन्हाळ्याचा जांभा दगड आणि गगनबावड्याची माती ज्या पदार्थाने तांबडी झाली, तोच हा पदार्थ. त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड मिसळून शेड हलकी करतात. हे पांढरं चूर्ण प्रकाश जोरात विखुरतं. गव्हाळ त्वचेवर त्याचं प्रमाण जास्त झालं की चेहरा उजळत नाही, राखट दिसतो. लग्नाच्या फोटोंत मान सावळी आणि चेहरा राखाडी दिसतो त्याचं कारण हेच. शेड मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर न लावता जबड्याच्या कडेला लावा, आणि जी तिथे दिसेनाशी होते ती घ्या. नसा निळ्या की हिरव्या बघून त्वचेचा सूर ठरवायची पद्धत मात्र सोडून द्या. नसेतलं रक्त गडद लालच असतं. ती निळी-हिरवी दिसते ते त्वचेतून प्रकाश विखुरल्यामुळे आणि आजूबाजूच्या रंगाशी आपल्या डोळ्यांनी केलेल्या तुलनेमुळे. मेलॅनिन जास्त असलेल्या त्वचेत तर ही परीक्षा हमखास चुकते.

ही तुलना हा रंग निवडण्याचा गाभा आहे. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाई बघणाऱ्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. रंगात दोष नव्हता, शेजारच्या धाग्यांनी तो फिका भासत होता. १८३९ मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं: शेजारचे रंग एकमेकांना स्वतःपासून दूर ढकलतात. साडीच्या हिरव्या काठाजवळचा चेहरा म्हणूनच किंचित लालसर, ताजा भासतो. दुसरीकडे, प्रखर उन्हात त्याच रेशमी हिरव्याचं प्रतिबिंब हनुवटीखाली पडतं आणि तो भाग फिकट हिरवट दिसतो. गळ्यातला कोल्हापुरी साज आणि ठुशी मात्र दोन्हीकडून मदत करतात. सोनं निळा प्रकाश शोषून पिवळा-नारिंगी परतवतं, आणि तो गव्हाळ कांतीला पोषक ठरतो.

लिपस्टिकचा थर पारदर्शकपणाकडे झुकणारा असतो, त्यामुळे खालच्या ओठांचा रंग त्यात मिसळतो. आपले ओठ बऱ्याचदा तपकिरी असतात. फिक्या गुलाबी लिपस्टिकमध्ये पांढरं चूर्ण भरपूर असतं, ते तपकिरी ओठांवर खडूसारखं दिसतं. गोऱ्या त्वचेसाठी बनवलेली ‘न्यूड’ शेड आपल्यावर आजारी दिसते, कारण ओठ आणि चेहरा यांतला फरक ती पुसून टाकते. चेहऱ्याच्या मानाने डोळे आणि ओठ किती गडद दिसतात, यावर चेहरा किती रेखीव वाटतो ते बरंच अवलंबून असतं. मरून, विटकरी, डाळिंबी, पिकल्या जांभळाचा रंग आणि तांबूस तपकिरी या शेड आपल्या ओठांचाच रंग गडद करून तो फरक वाढवतात, म्हणून शोभतात. काजळाचंही तसंच. पण डोळ्याच्या आत घालायच्या सुरम्यात शिसं असू शकतं, ते टाळा.

रंग घेताना दुकानाच्या ट्यूबखाली ठरवू नका. ट्यूबचा प्रकाश निळसर असतो, मंगल कार्यालयातले पिवळे दिवे अगदी वेगळे, आणि स्वस्त एलईडीत गडद लालचा भाग कमी असल्याने त्वचा निस्तेज आणि लिपस्टिक काळपट दिसते. रंग लावून दुकानाबाहेर सावलीत या, आरशात बघा. मुहूर्त दुपारचा असेल तर ही परीक्षा पुरेशी आहे. स्वागत-समारंभ रात्री असेल, तर आदल्या दिवशी हॉलमध्ये सजावटीचे दिवे लागल्यावर एकदा लावून बघा, आणि नवं काही असेल तर त्याच्याही दोन दिवस आधी कानामागे थोडंसं लावून ठेवा.