इंग्लंडच्या मध्ययुगीन कोर्टनोंदींत पूर्वज शोधायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

पहिला प्रश्न बहुतेकांचा हाच असतो: नातं सिद्ध करावं लागतं का? नाही. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ही दप्तरं सर्वांना खुली आहेत. नागरिकत्वाची अट नाही, वंशावळ जोडायची नाही, प्रतिज्ञापत्रही नको. मात्र असा पूर्वज सापडला म्हणून व्हिसा मिळेल, ही आशा सोडा. ब्रिटनचा ॲन्सेस्ट्री व्हिसा आजी-आजोबांपैकी कुणी तिथे जन्मलेलं असेल तरच मिळतो. पंधराव्या शतकातला खापरपणजोबा त्या अर्जात चालत नाही.

खरी अडचण माहितीची असते. कोणती काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) आणि साधारण कोणतं वर्ष, हे सांगता आलं नाही तर अर्ज करून उपयोग नाही. म्हणून शोध नेहमी अलीकडून मागे न्यायचा. मुंबई इलाख्यात पलटणीत किंवा रेल्वेत आलेल्या इंग्रजांच्या वंशजांसाठी सुरुवात ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातून होते. तिथल्या ‘एन/3’ मालिकेत मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं आहेत. त्यावरून इंग्लंडमधलं गाव कळलं, की तिथली पॅरिश रजिस्टरं, म्हणजे गावच्या चर्चच्या नोंदवह्या, चाळायची. ती फार तर 1538 पर्यंत मागे जातात, कारण आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने अशा नोंदी ठेवण्याचा हुकूम त्या वर्षी काढला. त्याआधीच्या सामान्य माणसाचं नाव मिळण्याची चांगली जागा म्हणजे कोर्ट.

कोर्टंही अनेक होती. उधारी-उसनवारीचे, जमिनीचे दावे ‘कॉमन प्लीज’मध्ये चालत. साधारणपणे 40 शिलिंगांच्या खालची येणी स्थानिक कोर्टात जायची. कॉमन प्लीजच्या गुंडाळ्या 1273 पासून ‘सीपी 40’ या क्रमांकाखाली आहेत, ‘किंग्ज बेंच’ या राजाच्या दुसऱ्या कोर्टाच्या ‘केबी 27’ खाली. चॅन्सरीत, म्हणजे राजाच्या चॅन्सलरच्या कोर्टात, लोकांनी दाद मागायला केलेले अर्ज ‘सी 1’ मध्ये सापडतात. त्यातले पंधराव्या शतकाच्या मध्यानंतरचे बहुतेक इंग्रजीत आहेत, त्यामुळे नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. बाकी कारभार लॅटिनमध्ये, तोही शब्द अर्धे तोडून लिहिलेला.

सीपी 40 मधली एक नोंद कशी असते ते पाहू. कातड्याच्या लांब पट्टीवर डावीकडे समासात काउंटीचं नाव. मग वादीचं नाव, तो वकिलामार्फत हजर झाल्याची ठरलेली वाक्यं, प्रतिवादीचं नाव आणि ‘दे प्लासितो देबिती’, म्हणजे दावा कर्जाचा. प्रतिवादी आलेला नसतो (तो बहुधा येतच नाही), म्हणून शेरीफला (काउंटीतल्या राजाच्या अधिकाऱ्याला) हुकूम आणि पुढची तारीख. 1413 च्या कायद्यानंतर असल्या बऱ्याच दाव्यांत प्रतिवादीचं गाव आणि धंदा किंवा दर्जा लिहिणं सक्तीचं झालं: हजबंडमन (छोटा शेतकरी), विणकर, जंटलमन. एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळं करायला याहून चांगला आधार मिळणं कठीण. जमिनीच्या दाव्यात तर हक्क बापाकडून मुलाकडे कसा आला, हे सांगताना तीन-चार पिढ्या एका दमात येतात. अर्थात ती वंशावळ पक्षकाराने स्वतःच्या सोयीने सांगितलेली असते, दुसरा पुरावा शोधाच.

घरबसल्या पाहायचं तर ह्यूस्टन विद्यापीठाचा ‘अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन’ हा संग्रह विनामूल्य आहे. लाखो पानांचे फोटो, पण नावाने शोध जवळपास नाही. कोर्टाचं सत्र निवडायचं (हिलरी, ईस्टर, ट्रिनिटी, मायकलमस), समासात आपली काउंटी दिसेपर्यंत पानं उलटायची. वर्षं राजाच्या कारकिर्दीप्रमाणे मोजलेली असतात, तेव्हा राजांच्या कारकिर्दींचा तक्ता जवळ ठेवा. सापडलेल्या नोंदीचा गुंडाळीचा क्रमांक, पट्टीचा क्रमांक आणि पुढची बाजू की मागची, हे तिन्ही लगेच लिहून घ्या.

स्पष्ट प्रत हवी असेल तर ‘डिस्कव्हरी’ या कॅटलॉगमधून पेज चेकचा अर्ज करा. त्याची फी आधी भरावी लागते. कर्मचारी पानं तपासून प्रतींचा खर्च कळवतात, मग ती रक्कम भरायची. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का, ते आधी बघून ठेवा. पट्टीचा क्रमांक नसेल तर शेकडो पट्ट्यांच्या गुंडाळीत कुणीही तुमच्यासाठी नाव शोधत बसणार नाही. तशा शोधाचे पैसे वेगळे.

प्रत्यक्ष जायचं असेल तर रीडर्स तिकीट लागतं, ते मोफत आहे. ऑनलाइन नोंदणी करून मूळ कागद तिथे दाखवायचे: ओळखीसाठी पासपोर्ट, पत्त्यासाठी दुसरा कागद. मान्य कागदांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते, निघण्याआधी ती पाहा. हवी ती दप्तरं आगाऊ मागवून ठेवलेली बरी. वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात.

पूर्वज जमीनदाराचा बांधील कूळ असेल, तर क्यूमध्ये कदाचित काहीच मिळणार नाही. जमिनीबाबत अशा माणसाची दाद राजाच्या कोर्टात लागत नसे, त्याची नोंद गावच्या मॅनर कोर्टात, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीतल्या (मॅनरमधल्या) कोर्टात. कूळ मेलं की जमीनदार घरातलं सर्वांत चांगलं जनावर घेई आणि वारसाचं नाव चढे, आपल्याकडच्या फेरफारासारखंच. या गुंडाळ्या बऱ्याचदा काउंटीच्या अभिलेखागारात असतात. कुठल्या मॅनरचं दप्तर कुठे आहे, ते ‘मॅनोरिअल डॉक्युमेंट्स रजिस्टर’मध्ये शोधा आणि थेट त्या कार्यालयाला ईमेल करा. प्रत्येकाचा फॉर्म आणि दर निराळा.