सात वर्षांचा करार (हॉलिवूड)

हॉलिवूडच्या चित्रपटसंस्था नटनट्यांना पगारी नोकर म्हणून ज्या कराराने बांधून घेत, त्याचे हे रूढ नाव. साधारणपणे १९२० ते १९५० या काळात एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, फॉक्स आणि आरकेओ या बड्या स्टुडिओंचा कारभार याच करारावर चाले.

करार सात वर्षांचा असला तरी बांधलेला असे तो कलावंत. स्टुडिओकडे दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने ‘ऑप्शन’ असे: ठरलेली पगारवाढ देऊन ठेवून घ्यायचे, नाहीतर घरी पाठवायचे. कलावंताला मात्र मध्येच सोडून जाता येत नसे. पगार वर्षाच्या ५२ पैकी बहुधा ४० आठवड्यांचाच मिळे. उरलेले बारा आठवडे बिनपगारी, आणि त्यातही दुसरीकडे काम करायला बंदी. भूमिका स्टुडिओ ठरवी, प्रसंगी नावसुद्धा. एमजीएमने लुसिल लसूर या नटीसाठी १९२५ मध्ये मासिकातून वाचकांची स्पर्धाच लावली आणि ती जोन क्रॉफर्ड झाली. १९२१ मध्ये विनोदी नट रॉस्को आर्बकल याच्यावर एका तरुणीच्या मृत्यूप्रकरणी खटला उभा राहिल्यावर करारांत सद्वर्तनाचे कलमही शिरले. पुढे आर्बकल निर्दोष सुटला, कलम राहिले.

कलावंत उसना देण्याची पद्धत तर अस्सल व्यापारी होती. दुसऱ्या संस्थेकडून पगारापेक्षा जास्त रक्कम घ्यायची, कलावंताला ठरलेला पगार द्यायचा आणि वरचे पैसे स्वतःकडे ठेवायचे. एमजीएमने क्लार्क गेबलला कोलंबियाकडे असेच धाडले, आणि ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) या त्या उसन्या कामासाठी त्याला ऑस्कर मिळाले.

खरी मेख ‘सस्पेन्शन’ची होती. भूमिका नाकारली की पगार बंद, आणि तेवढे आठवडे कराराच्या शेवटी जोडले जात. त्यामुळे सात वर्षे कधी संपणार, हे दिनदर्शिका नव्हे तर स्टुडिओ ठरवी. बेटी डेव्हिस १९३६ मध्ये वॉर्नरला न जुमानता इंग्लंडमध्ये काम करायला गेली. तिथल्या न्यायालयाने वॉर्नरच्या बाजूने मनाईहुकूम दिला आणि तिला परतावे लागले.

वॉर्नरचीच ऑलिव्हिया दे हॅव्हिलंड जास्त चिवट निघाली. तिचा १९३६ चा करार १९४३ मध्ये संपला, तेव्हा सस्पेन्शनचे आणखी २५ आठवडे भरून देण्यास तिला सांगण्यात आले. कोणाही नोकराला सात वर्षांपलीकडे वैयक्तिक सेवेच्या करारात अडकवता येत नाही, असा कॅलिफोर्नियाचा कायदा होता. सात वर्षे म्हणजे प्रत्यक्ष कामाची, असा स्टुडिओचा दावा. पंचांगातली सात, असे तिच्या वकिलांचे म्हणणे. डिसेंबर १९४४ मध्ये अपील न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. खटला चालू असताना तिला कोणी काम दिले नाही, पण १९४६ च्या चित्रपटासाठी तिने ऑस्कर पटकावले. ‘दे हॅव्हिलंड निकाल’ हे नाव तिथल्या कायद्याच्या भाषेत कायमचे रुजले.

करारपद्धती एवढ्याने मोडली नाही. स्टुडिओंनी चित्रपटगृहांवरील मालकी सोडावी, अशा दिशेचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, पाठोपाठ दूरचित्रवाणी आली, आणि शेकडो पगारी माणसे पोसणे स्टुडिओंना परवडेनासे झाले. जेम्स स्ट्यूअर्टने १९५० मध्ये पगाराऐवजी नफ्यात वाटा घेतला; मग इतरही त्या वाटेने गेले.

भारतातही प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज या संस्थांत कलावंत महिन्याच्या पगारावर असत. करारावरून बिनसल्यावर शांता आपटे यांनी १९३९ मध्ये पुण्यात प्रभातच्या फाटकाशीच उपोषण मांडले. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक निघाले.