उंदरांचं औषध आणायच्या आधी घरातल्या फटी बघा

इंदूरकडच्या सांवेरजवळच्या गावात माझ्या मामांचं घर आहे, मातीच्या भिंती, वर कवेलू (म्हणजे कौलं), आत गव्हाची कोठी, आणि एप्रिलमध्ये गहू घरात आला की मागोमाग उंदीर येतातच. यंदा मामी इतकी वैतागली की इंदूरहून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, त्याने तीन व्हिजिटचे साडेचार हजार सांगितले आणि काम काय, तर कोपऱ्याकोपऱ्यात विषाच्या वड्या ठेवायच्या. फटी बुजवणं त्यात नाहीच. म्हणून मी दोन दिवस तिथे राहून सगळं घर बघितलं.

लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या होत्या, म्हणजे हा घरातला छोटा उंदीर, घूस नाही (घुशीची लेंडी बरीच मोठी असते). हा जेमतेम वीस ग्रॅमचा, पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत येतो. मादी तीन आठवड्यांत पाच ते आठ पिल्लं घालते आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः व्यायला तयार. तुम्ही दहा मारले आणि दाणा उघडा, फट उघडी, तर ती जागा भरायला कितीसा वेळ लागणार? एक उंदीर दिवसाला साधारण 3 ग्रॅम खातो, वीस उंदीर धरले तर वर्षाला 22 किलो गहू, पण खरं नुकसान खाण्याचं नाही, एकेक उंदीर दिवसाला पन्नासच्या वर लेंड्या टाकतो, वर मूत, त्यामुळे जेवढं खातो त्यापेक्षा कितीतरी जास्त धान्य खराब होतं.

आता त्या वड्यांचं. त्यात बहुतेक ब्रोमॅडिओलोनसारखं औषध असतं, ते शरीरात व्हिटॅमिन के चं काम अडवतं, रक्त गोठत नाही आणि उंदीर तीन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. याच घराण्यातलं वॉरफेरिन 1948 मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं आणि पुढे हार्टच्या पेशंटना रक्त पातळ ठेवायला तेच देऊ लागले, झडप बदललेले लोक आजही घेतात. उशिरा मरतो म्हणून वडीवर त्याचा संशय जात नाही, पण त्याच कारणाने तो भिंतीत किंवा कवेलूंच्या खाली जाऊन मरतो आणि आठवडाभर घरात वास. शिवाय गव्हाणी घुबडाने तो विष खाल्लेला उंदीर खाल्ला तर विष त्याच्याही पोटात जातं, आणि फुकटात रात्रभर उंदीर मारणारा शेतकऱ्याचा हा पक्षी आपणच घालवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि झिंक फॉस्फाइडची काळी पावडर लहान मुलं, गाईगुरं असलेल्या घरात नकोच, पोटातल्या आम्लात त्याचा फॉस्फीन वायू होतो आणि त्यावर उतारा नाही.

आम्ही काय केलं, तर रात्री आतला दिवा लावून बाहेरून भिंती बघितल्या, जिथून उजेड दिसला तिथे तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट. नुसती माती किंवा फोम चालत नाही, उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, समोरच्या बाजूलाच कडक एनॅमल असतं त्यामुळे कुरतडता कुरतडता धार लागत राहते, प्लास्टिकचा ड्रमपण तो फोडतो. गहू पत्र्याच्या कोठीत.

मग चाप. हा उंदीर बिळापासून फार लांब जात नाही, आठ-दहा मीटरच्या आतच फिरतो आणि एका जागी पोटभर न खाता वीस ठिकाणी थोडं थोडं कुरतडतो, म्हणून मधोमध ठेवलेल्या एका पिंजऱ्याने काही होत नाही. आम्ही आठ चाप भिंतीला लागून, दोन-दोन मीटरवर, शेंगदाणा लावून ठेवले, कारण तो मिशा भिंतीला लावून कडेकडेने चालतो. गोंदाचा पॅड मी नाही घेतला, त्यावर तो तासन्‌तास तडफडतो.

लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धूळ नाकात जाते, ब्लीचच्या पाण्याने ओल्या करून पुसायच्या.

घासणी, सिमेंट, चाप मिळून हजाराच्या आत झालं, पत्र्याची कोठी होतीच. आता कोठीपाशी लेंडी दिसत नाही. मागच्या दाराखाली अजून बोटभर फट आहे, तिला पत्रा ठोकायला सुतार रविवारी येतोय, तोवर मामी रात्री तिथे पाटा आडवा लावते.