आल्बेर्तीच्या ब्राँझ उत्थितशिल्पातील प्रतीके

इटालियन वास्तुकार व कलामीमांसक लेओन बात्तीस्ता आल्बेर्ती (१४०४–७२) याचे लंबगोल, ओतीव ब्राँझमधील उत्थितशिल्प (सपाट पृष्ठावर उठाव देऊन घडवलेले शिल्प) वॉशिंग्टन येथील नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. ते सुमारे २० सेंमी. उंच असून त्याचा काळ इ.स. १४३५ च्या आसपासचा मानतात. ही आल्बेर्तीने स्वतःच घडवलेली आत्मप्रतिमा आहे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

चेहरा डावीकडे वळलेला, पूर्णपणे एका बाजूने दिसणारा आहे. आपल्याकडे लघुचित्रांच्या संदर्भात अशा चेहऱ्याला ‘एकचष्म’ म्हणतात, आणि जिथे डोळा हेच मुख्य प्रतीक आहे तिथे हा शब्द विशेष शोभतो. ही बाजू, आखूड केस, गळ्याशी गाठ मारलेले वस्त्र आणि कोरीव रत्नासारखा लंबगोल आकार या साऱ्यांतून प्राचीन रोमचा आभास निर्माण होतो. आल्बेर्ती त्या वेळी पोपच्या कचेरीत लेखनिक होता. परंतु त्या नोकरीची एकही खूण शिल्पात नाही. मागे वळवलेल्या केसांत काही अभ्यासकांना सिंहाची आयाळ दिसते. मूळच्या ‘बात्तीस्ता’ या नावाला त्याने स्वतःहून सिंहवाचक ‘लेओ’ जोडले होते, हे पाहता हा तर्क अगदीच ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

हनुवटीखाली पंख असलेला एकच डोळा कोरला आहे. या चिन्हाचा उलगडा आल्बेर्तीच्याच लेखनात मिळतो. अंगठ्यांवरील चिन्हांविषयीच्या एका लॅटिन रचनेत तो सांगतो, की डोळ्याहून सामर्थ्यवान, वेगवान आणि थोर असे काही नाही. अवयवांत तो पहिला, जणू राजाच. वास्तुकलेवरील ग्रंथात प्राचीन ईजिप्तच्या चित्रलिपीविषयी लिहिताना डोळा म्हणजे ईश्वर असा अर्थ त्याने नोंदवला आहे. त्यामुळे हा डोळा सर्वसाक्षी ईश्वराचा की चित्रकाराच्या चौकस नजरेचा, असा वाद चालत आला आहे. प्रत्यक्षात चित्रकलेवरचा त्याचा प्रबंधही १४३५ चाच असून, दृष्टिकिरण डोळ्याशी एकत्र येतात या कल्पनेवरच त्यातील यथादर्शनाचे (सपाट पृष्ठावर खोली व अंतर दाखवण्याच्या पद्धतीचे) गणित उभे आहे. त्यामुळे दुसरा अर्थ निदान तितकाच बळकट ठरतो. याच प्रबंधात प्राचीन ग्रीक चित्रकार अपेलीझची गोष्ट येते : राजा अँटिगोनसचा अधू डोळा झाकला जावा म्हणून अपेलीझने राजाचा चेहरा एका बाजूनेच रंगवला होता.

आल्बेर्तीचे आत्मचरित्र मानल्या जाणाऱ्या निनावी लॅटिन चरित्रात म्हटले आहे, की व्यक्तिचित्र काढताना तो लहान मुलांना ‘हा कोण?’ असे विचारी, आणि मुलांना चटकन ओळखता न येणारे चित्र त्याला कलापूर्ण वाटत नसे. या शिल्पात मात्र साम्याची जबाबदारी एकट्या चेहऱ्यावर सोपवलेली नाही. शिल्पावर कोरलेले संक्षिप्त नाव आणि पंखधारी डोळाही तीच ओळख पटवतात.

पुढे इटालियन पदककार मात्तेओ दे पास्ती याने १४५० च्या सुमारास आल्बेर्तीचे ब्राँझ पदक घडवले. त्यात दर्शनी बाजूला चेहऱ्याभोवती कुलनामासह पूर्ण नाव आले, तर डोळा मागील बाजूला गेला. तिथे तो पानांच्या माळेने वेढलेला असून खाली ‘क्विद तुम’ म्हणजे ‘मग काय?’ असे लॅटिन शब्द आहेत. या प्रश्नात कोणी मृत्यूपुढची निर्भयता वाचतात, तर कोणी आल्बेर्तीच्या स्वतःच्या अनौरस जन्माविषयीची बेफिकिरी. आधीच्या उत्थितशिल्पावर असे कोणतेही बोधवाक्य नाही.