जुन्या घरातील भिंतींना गिलावा कोणता करावा?

जुना वाडा किंवा घर दुरुस्तीला काढणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आमची पहिली विनंती हीच असते, की गिलाव्याचा दर विचारण्याआधी भिंत नीट तपासून घ्या.

पुणे, वाई, सातारा भागातल्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. आत दगड किंवा पांढऱ्या मातीच्या विटा, सांधे चुन्याचे नाहीतर मातीचे. जोत्यावर ओल अडवणारा थर बहुधा नसतोच, त्यामुळे भिंत जमिनीतले पाणी ओढत राहते. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल हवेत निघून जाते. सिमेंटचा गिलावा तिची वाट अडवतो. मग ओल आत साठून वर चढते, वीतभर होती ती कमरेपर्यंत येते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि पोपडे सुटतात. सिमेंट कडक आणि मागची वीट मऊ, म्हणून गिलावा पडताना विटेचा पापुद्राही सोबत नेतो. वाड्यांत आम्हाला खरी काळजी लाकडाची वाटते. भिंतीत गेलेली तुळयांची टोके आणि खांब ओलीत कुजतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटला आहे. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव साचले तर ओल भिंतीतून येते आहे. ती असेल तर कोणताही गिलावा करण्याआधी पाण्याचा बंदोबस्त हवा. पन्हळ फुटली असेल, नळ झिरपत असेल. अंगणात फरशीवर फरशी टाकून जमीन जोत्याच्या वर आलेली तर आम्हाला फार ठिकाणी दिसते. ती उतरवावीच लागते. त्यानंतर जाड भिंत वाळायला काही महिने जातात, आणि त्यात घाई करू नये.

अशा भिंतींसाठी आम्ही चुनाच सुचवतो. चुनकळी, म्हणजे भट्टीतून आलेले न विरलेल्या चुन्याचे खडे, भिजवून मुरवायची, त्यात वाळू आणि विटांची सुरकी (भुकटी) मिसळायची. पहिला थर साधारण १० ते १२ मिलिमीटरचा, तो आवळला की दुसरा, शेवटी नीरूचा, म्हणजे गाळलेल्या बारीक चुन्याचा, पातळ हात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू कडक होतो, म्हणून वेळ लागतो. मजुरीही सिमेंटपेक्षा जास्त पडते, हे आधीच सांगितलेले बरे. काम दिवाळीनंतर सुरू केलेले उत्तम. भर पावसात तो वाळत नाही, वैशाखाच्या उन्हात तडकतो. चुनकळी भिजवताना पाणी उकळते, तेव्हा मुलांना लांब ठेवा.

सांधे मातीचे आणि भिंतही कच्च्या विटांची असेल तर माती, गव्हाचा भुसा आणि शेण कुजवून केलेला गिलावा चांगला बसतो. वर चुन्याची सफेदी द्यावी.

जिप्सम अर्ध्या तासात आवळते, पाणी मारावे लागत नाही आणि भिंत आरशासारखी गुळगुळीत होते, म्हणून त्याचा मोह पडतो. पण ओल लागली की ते मऊ पडते. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत जरूर करा. तळमजल्याच्या बाहेरच्या भिंती, मोरी आणि न्हाणीघर इथे आम्ही ते करून देत नाही.

घरात नंतर सिमेंटमध्ये बांधलेली खोली असेल तर तिथे १:६ प्रमाणाचा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) सिमेंटचा गिलावा योग्यच आहे, चुन्यावर जास्तीचा खर्च करू नका. जुन्या भिंतीवर आधीच सिमेंट असेल तर ते छिन्नीने सावकाश काढावे. ब्रेकरच्या हादऱ्याने मातीचे सांधे खिळखिळे होतात.

चुन्यावर प्लास्टिक पेंट किंवा ॲक्रिलिक पुट्टी लावू नका, त्यांनी भिंत पुन्हा कोंडते. रंगीत सफेदी चालते, हव्या त्या छटेचे नमुने आम्ही आपल्या भिंतीवरच लावून दाखवतो. आम्ही पाहणीला येण्याआधी भिंतीला लागलेली कपाटे हातभर पुढे ओढून ठेवा आणि ओलीच्या डागांवर नवा रंग देऊ नका. ते डाग जसेच्या तसे दिसले तरच ओल कुठून येते ते सांगता येईल.